भिंतीवरचा इंडिकेटर

आमच्या घराण्यात खुर्चीला चिकटलेली माणसं बरीच, पण काकांची सर कुणालाच नाही.

काका आरटीओत गाड्या पास करायचे. नियम सरळ होता: इंडिकेटर मागून दिसला पाहिजे, तिरकं उभं राहिलं तरी दिसला पाहिजे, आड काही येता कामा नये. त्यासाठी गाडीमागे जाऊन उभं राहावं लागतं. उभं राहणं! काकांनी त्यावर उपाय काढला होता. शेडच्या सावलीत खुर्ची टाकायची, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे गाडीची पाठ करायला लावायची. भिंतीवर पिवळा उजेड लुकलुकला की माशी हाकलावी तसा हात. "पास! पुढचा!"

एखादा नवखा विचारायचा, "साहेब, मागून नाही बघत?"

"भिंत खोटं बोलते का रे?"

परवा दुपारी फर्निचरचा एक टेम्पो वळला आणि काकूच्या स्कूटरला धडकला. ती गिऱ्हाइकाचे शिवलेले कपडे पोचवायला निघाली होती. पाय प्लास्टरमध्ये.

संध्याकाळी टेम्पोवाला घरी आला, रडवेला. "मावशी, आईशप्पथ, इंडिकेटर दिला होता. मालक म्हणतो, दिला नसशील तर उद्यापासून येऊ नकोस."

"मला तर नाही दिसला, बाबा."

काका गरजले. खुर्चीतूनच, अर्थात. "थापा मारतोय! नाही दिसला म्हणजे नाही दिला. निघ!"

काकूनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टेम्पो कुठाय?"

"खालीच आहे."

माझ्या खांद्याचा आधार घेत, लंगडत ती जिना उतरली. मागून काका, "अगं, पाय! डॉक्टर काय म्हणाले?" करत. टेम्पोवाल्यानं इंडिकेटर लावला. आम्ही मागे उभ्या. काही नाही. तिरक्या झालो. तरी नाही. काकूनं मला वाकायला लावलं, तेव्हा कळलं. मागच्या जाडजूड लोखंडी गार्डाआड दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता.

"हे लोखंड कधी लावलंस?"

"पासिंगच्या आधीपासून आहे, मावशी." त्यानं काकांकडे चोरून पाहिलं. "साहेबांनीच पास केला."

काका एकदम खोकायला लागले.

"अहो, खोकला पुरे. या इथे. उभे राहा माझ्या जागी आणि सांगा, दिसतो का."

"हे बघ, माझ्या नोकरीचा प्रश्न—"

"आणि हा काय हौसेनं टेम्पो हाकतो?"

काका आले. नोकरी लागल्यापासून बहुधा पहिल्यांदाच ते एखाद्या गाडीमागे उभे राहिले. मान इकडे केली, तिकडे केली. घाम पुसला. मग चेहरा असा उजळला, की मला त्यांची खरंच कीव आली असती. त्यांनी टेम्पोमागच्या कुंपणाच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"तो काय! भिंतीवर!"

काकूनं टेम्पोवाल्यापुढे हात केला. "तुझ्या मालकाला फोन लाव. कुणी पास केला तेही सांगते."