ऑगस्टमध्ये लावलेला नियम

व्हर्जिनियात नोकरीला लागलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्यात पायाचं काम फारसं नसतं. साल दोन हजार चार असावं. कॉलेजांच्या संघांमधला विजेता कसा ठरतो, हे कळल्यावर मात्र मी चाट पडलो. शंभरावर कॉलेजं, प्रत्येकाचे जेमतेम डझनभर सामने, त्यामुळे बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मग पत्रकार मतं देतात, प्रशिक्षक मतं देतात, काही कॉम्प्युटरही आपापलं मत देतात. या सगळ्याची सरासरी काढून वरच्या दोघांना अंतिम सामन्याला पाठवतात. प्रशिक्षक शनिवारी स्वतःच्याच सामन्यात अडकलेले, म्हणजे बाकीचे सामने न पाहताच मत देणार. आणि एवढ्या अंदाजपंचेवर बँड, तोफा आणि वरून विमानांची सलामी.

"आमच्या सोसायटीचा चेअरमन याहून बऱ्या पद्धतीने निवडतात," मी कॅन्टीनमध्ये बोलून गेलो.

"त्या सोसायटीचे नियम मला सांग," शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

ते आमच्या टेस्टिंग विभागातले सर्वांत जुने गृहस्थ. साठीला आलेले, पँटला कायम गॅलिसचे पट्टे लावणारे. ऑफिसच्या पिकनिकला माझ्या मुलीने त्यांचं नाव फुटबॉलकाका ठेवलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं. गेली कित्येक वर्षं ते स्वतःचा तक्ता काढत. कोणाला हरवलं आणि त्या हरलेल्याने आणखी कोणाला हरवलं, यावर गुण. सीझनमध्ये दर सोमवारी तो कागद कॉफी मशीनशेजारी लागायचा. गुणांचे नियम मात्र ऑगस्टमध्येच, पहिला सामना व्हायच्या आत, सही करून तिथे टाचलेले असत. जानेवारीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. "सामने सुरू झाल्यावर सुचतो तो नियम नसतो, ती इच्छा असते," ते म्हणायचे.

त्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला विचारलं, की दोन संघ सारखेच सामने जिंकले तर तुमच्याकडे काय करतात? मी पेपर नॅपकिनवर नेट रनरेट समजावून सांगितला. किती फरकाने जिंकलात हेही मोजायचं. त्यांना ते खटकलं. बडी कॉलेजं दुबळ्यांना मुद्दाम तुडवत बसतील, म्हणाले. शेवटी एका सामन्यात चोवीस गुणांच्या पुढचा फरक धरायचा नाही, यावर आमचं जमलं. नियम छापून लागला.

माझ्या शेजारी बसणारा पुण्याचा मित्र तो वाचून हसत सुटला. "यार नागपूरकर, इथेही रनरेट? त्या रनरेटने आपण किती वेळा बॅगा भरून घरी आलोय, विसरलास?"

फुटबॉलकाकांचं स्वतःचं कॉलेज डोंगरातलं, लहानसं. तिथल्या संघात ते चार वर्षं राखीव खेळाडू होते. बाकावरून सामना छान दिसतो, असं सांगायचे. त्या वर्षी ते कॉलेज हरेचना. पण जिंकायचं ते एका गुणाने, दोन गुणांनी, एकदा तर घड्याळ संपता संपता. वर्तमानपत्रांनी त्याला नववं ठेवलं. अंतिम सामन्याची गोष्टच नको. ते पहिलं येऊ शकेल अशी अख्ख्या अमेरिकेत एकच जागा होती, ती कॉफी मशीनशेजारी. नोव्हेंबरपासून काका सोमवारी स्वेटर घालून यायला लागले, कॉलेजच्या रंगाचा, कोपरावर विरलेला.

जानेवारीत शेवटचा सामना झाला, टीव्हीवर अधिकृत विजेत्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या क्युबिकलमध्ये गेलो तेव्हा तक्ता स्क्रीनवर होता. त्यांचं कॉलेज दुसरं. पहिल्या संघाने सगळ्यांना सणसणीत फरकाने हरवलं होतं.

मी घरीच आकडेमोड करून पाहिली होती. रनरेटचा नियम वगळला की त्यांचं कॉलेज पहिलं येत होतं.

"तो नियम काढून टाका," मी म्हणालो. "चूक माझी आहे. क्रिकेटची गोष्ट मी इथे आणून चिकटवली. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

"ऑगस्टमध्ये तुला तो बरोबर वाटला होता?"

"हो."

"मलाही. मग तेव्हापासून बदललं काय?"

"तुमचं कॉलेज दुसरं आलं."

"तेवढंच ना?"

त्यांचा हात माउसकडे गेला. मला वाटलं, आता काढतात. आणि खरं सांगतो, काढावा असंच मला वाटत होतं. क्लायंट खूश व्हावा म्हणून रिपोर्टमधले आकडे जरा इकडेतिकडे सरकवणारी हुशार माणसं मी भारतातही पाहिली होती आणि अमेरिकेतही. काकांनी प्रिंट दाबलं.

कागद टाचायला ते स्वतः गेले. थोड्याच वेळात कॉफीपाशी गर्दी झाली. "स्वतःच्याच तक्त्याने पाडलं रे म्हाताऱ्याला," कोणीतरी ओरडलं. काकाही हसले, पण जरा उशिराने.

पुण्याच्या मित्राने मात्र सरळ विचारलं, "पण तुमच्या मते खरा चॅम्पियन कोण?"

"आम्हीच," काका एका क्षणाचीही वाट न पाहता म्हणाले. "पण ते माझं मत झालं." मग कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि कपात कॉफी ओतून घेतली.