बर्फातले मणी

सव्वा महिना झाला. दुपारी जेवून वर्तमानपत्र उघडलं होतं, तेवढ्यात कमलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." एवढंच. मागे कुणीतरी रडत होतं, त्या रडत नव्हत्या. मी "येतो" म्हणालो, पण उठायला वेळ लागला. गेली चार वर्षं मी त्या घरी गेलो नव्हतो.

सुखदेव तायडे खामगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी मराठी. तो सोनाळ्याचा. उंच, किंचित वाकलेला. हातांना कायम औषधाचे पिवळट डाग. स्टाफरूममध्ये आमचा चहा बरोबर व्हायचा. "तुयं बरं आहे बे," तो म्हणायचा, "तुयी कविता सडत तरी नाही." त्याचा विषय सडायचा. बकऱ्याचा मेंदू आणून त्याचे तुकडे तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून ठेवी, मग त्यांचे पातळ काप काढी. चांदी शंभरातल्या एखाद्याच मज्जापेशीला धरते आणि तेवढी एकच, फांद्याफांद्यांसकट, काळी होऊन उठून दिसते. त्याच एकीला का, असं मी एकदा विचारलं. "मले नाही ठाऊक. कोणालेच नीट ठाऊक नाही. म्हणून तं पाहून राह्यलो." चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात राहून हा माणूस चांदी नासवतो, ही वहिनींची नेहमीची थट्टा.

मेंदू मिळायचा रहीमभाईंच्या मटणाच्या दुकानात, दर रविवारी. सरांचा माल म्हणून रहीमभाई तो पहाटेच बाजूला काढत, नळाखाली स्वच्छ धुवत आणि सर आंघोळ-नाश्ता उरकून दहाला येईपर्यंत बर्फात ठेवत. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी एवढं केलं नसतं.

त्या मेंदूंतल्या पेशींच्या फांद्यांवर सुखदेवला बारीक फुगवटे दिसले. माळेत मणी ओवावेत तसे. म्हाताऱ्या जनावरांत ते जास्त असतात, अशी त्याची खात्री होत गेली. नऊ वर्षं तो ते मोजत होता. त्याची विद्यार्थिनी वर्षा हिचा पीएच.डी.चा प्रबंधही त्यावरच उभा होता. शेवटी पुण्यात मज्जापेशींवरची मोठी परिषद भरणार होती, तिथे त्याचं पोस्टर स्वीकारलं गेलं. पोस्टरचा मजकूर मी तपासला होता, म्हणून मलाही सोबत नेलं. "एकट्याले गाडीत झोप येत नाही मले," हे दिलेलं कारण.

मोठ्या दालनात रांगेनं पोस्टरं लावलेली. बाकीच्यांची हिरव्या-तांबड्या रंगांनी झगमगणारी, आमचं काळं-पिवळं. तासभर कुणी थांबलं नाही. मग पुण्याचीच एक तरुण संशोधक आली. तिनं पोस्टर सगळं वाचलं, अगदी तळटीपेपर्यंत, आणि विचारलं, "सर, मेंदू काढल्यावर द्रावणात किती वेळानं टाकता?"

"बर्फात असते न मॅडम तो. साफ धुऊन ठेवलेला."

"बर्फात?" ती आवाज खाली आणून म्हणाली, "सर, थंडीनंही असे मणी येतात. साध्या पाण्यानंही. आणि वेळ गेला, तरीही."

सुखदेव आपल्याच चित्रांकडे वळला आणि हसला. "म्हंजे हे मणी बकऱ्याचे नाहीत, मॅडम. रहीमभाईचे आहेत." तिला ते कळलं नाही, मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. तो मात्र संध्याकाळपर्यंत पोस्टरपाशी उभा राहिला. येईल त्याला सांगत होता, "हे चुकलेलं आहे. पण काऊन चुकलं ते पाहून घ्या."

परतीच्या गाडीत मी ते बोललो. वर्षाचा प्रबंध टायपिंगला गेला आहे, पोरीची चार वर्षं आहेत त्यात, राहू दे. "आपल्याकडे कोण बघायला बसलंय?"

त्यानं खिडकीतून मान वळवली. "तू पाह्यलं न."

जलंब स्टेशनवर उतरून आम्ही आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर्षाच्या घरी गेला. तिच्या वडिलांनी त्याला दारातच उभं ठेवलं, असं नंतर कानावर आलं. तिला सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं. कॉलेजात त्याला "मणीवाले सर" म्हणू लागले. स्टाफरूममध्ये एकदा सगळे हसले, तेव्हा मीही हसलो. तो दारात उभा होता... त्यानंतर चहा आपोआप वेगवेगळा झाला. तो निवृत्त झाला, पुढे मीही. भेटलो की "बरं आहे ना?" "हाव, बरं आहे." हृदयाचं दुखणं सुरू झालं, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

परवा वहिनींनी बोलावून घेतलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर जुना सूक्ष्मदर्शक, शेजारी काचपट्ट्यांचे लाकडी डबे. जुन्या डब्यांवर त्याच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या : "बर्फातले. मोजू नये." चार डब्यांवर चिठ्ठी नव्हती.

"हे पुण्याहून आल्यावरचे," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी पहाटे पाचले जाऊन बसत दुकानात, दवाईची बरणी घेऊन, मेंदू निघाला का लगेच त्यात टाकाले. रहीमभाईले कारण नाही सांगतलं. त्याले वाईट वाटलं असतं म्हणे."

त्यांनी एक काचपट्टी लावून दिली. इतक्या वर्षांत मी त्या नळीतून एकदाही पाहिलं नव्हतं. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. "दुसरा डोळा मिटू नका भाऊजी. त्याईनं मले तसंच शिकवलं." मग पिवळ्या उजेडात एक काळी पेशी दिसली. फांदीला फांदी फुटत टोकापर्यंत गेलेली. मी एकेक फांदी शोधत गेलो. एकही मणी नव्हता.

"वर्षाले दाखवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुमाले दाखवाचं म्हणत. तो येईन, म्हणत."

ऊन उतरलं होतं. वहिनींनी दिवा बंद केला, काचपट्टी पुसून जागेवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकावर त्याचा धुतलेला पांढरा रुमाल घातला. रोज संध्याकाळी घालतात तसा.