तुळसाकाकीचा अंगठा

रत्नागिरीहून पावस गावाला जाणाऱ्या रस्त्याला आमचा काजूचा कारखाना. आमचा म्हणजे विनीतशेटचा. मी तिथे बायांची हजेरी मांडायचो. दोन हजार सहा साली हजेरी मांडणारं मशीन आलं, तेव्हा मला काढलं नाही, मशीनशेजारी खुर्ची टाकून बसवलं. मशीन हजेरी मांडतंय की नाही ते बघायचं, एवढंच काम. माझी तब्येत सुधारली.

मशीन यायचं कारण रॉटरडॅमला होतं. तिथला गोरा व्यापारी आमचे काजूगर घ्यायचा, आणि रत्नागिरीत ते कोण फोडतंय, लहान पोरं तर राबत नाहीत ना, हे त्याला रोज कॉम्प्युटरवर बघायचं होतं. बायांनी येता-जाता काचेवर अंगठा ठेवायचा. ओळख पटली की मशीनमधली बाई ‘थँक यू’ म्हणायची, नाही पटली तर ‘प्लीज ट्राय अगेन’. नव्या पोरी दिवसातून दोनदा थँक यू ऐकून खूश असायच्या. आमच्या कारखान्यात ही पद्धत आधी नव्हती.

तुळसाकाकी सगळ्यांत जुनी. विनीतशेटच्या वडिलांनी घराच्या पडवीत कारखाना सुरू केला तेव्हापासून ती काजू फोडत होती. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, जळायचं ते जळतंच. शेटने हातमोजे दिले होते, पण मोजे घालून गर अख्खा निघत नाही, आणि तुकडा निघाला की तोच शेट ओरडतो. म्हणून मोजे खुंटीला. काकीचे तळवे काळे आणि गुळगुळीत झाले होते, झिजलेल्या सहाणेसारखे.

आणि गंमत अशी की काकीने अंगठा केव्हाच सोडला होता. साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती. पगाराला बाकीच्या बाया शाईत अंगठा बुडवायच्या, ही पेन मागून घ्यायची. ‘तुळसा’ लिहायला इतका वेळ लावायची की मागची रांग कुरकुरायची. आता सही चालेना, अंगठाच पाहिजे झाला, आणि अंगठ्यावर एक रेघ शिल्लक नव्हती.

दिवाळीपर्यंत तिची हजेरी मी जुन्या मस्टरवर मांडणार होतो. त्यानंतर मस्टर बंद. मशीनला जी दिसणार नाही ती कामावर नाही, असा रॉटरडॅमचा नियम. काकीचा नवरा धोंडू अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर चाललेलं. तिने अंगठ्याला लिंबू चोळलं, साय चोळली, कुणी सांगितलं म्हणून कोरफड बांधून झोपली. मशीनचं म्हणणं बदललं नाही.

दसऱ्याला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायचा मान काकीचा. तिने हजेरीच्या मशीनलाही लावलं, झेंडूची माळ घातली आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. तिने काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. काचेत कुंकू गेल्यामुळे पुढचे दोन दिवस मशीनने कुणालाच ओळखलं नाही.

ते दुरुस्त करायला कोल्हापूरहून इंजिनिअर आला. शेटने त्याला काकीचा हात दाखवला. तो म्हणाला, दोन महिने काजूला हात लावू नका, कातडी परत येईल, मग मशीन ओळखेल. म्हणजे काम सोडलं तर ती कामावर असल्याचं सिद्ध होणार. मला त्याचा भयंकर राग आला, आणि तो दाखवायला मी खुर्ची जरा जोरात सरकवली. मग त्याने दुसरा उपाय सांगितला: पायाचा अंगठा नोंदवा. अंगठा तो अंगठा, मशीनला काय कळतंय.

“मीच हळदकुंकू लावलंय त्याला,” काकी म्हणाली. “आता पाय लावू?”

आणि ती आत निघून गेली. शेट दोनदा समजावून आला. सखू तिची जुनी मैत्रीण, तिने तर धोंडूच्या औषधांची आठवण करून दिली. काकी काजू फोडत राहिली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मशीन खाली घ्या म्हणाली. मी ते भिंतीवरून काढून जमिनीवर खोक्यावर ठेवलं. तिने चप्पल काढली, पदराने पाय पुसला, आणि इंजिनिअरने शिकवल्याप्रमाणे मी तिचा पायाचा अंगठा नोंदवून घेतला. मग तिने तो पुन्हा काचेवर टेकवला.

‘थँक यू.’

बायांनी टाळ्या वाजवल्या. पण पाय लागल्यावर आपण सगळे जे करतो तेच काकीने केलं. पटकन वाकली, मशीनच्या काचेला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

‘प्लीज ट्राय अगेन.’

बाया खो खो हसल्या. ती बाय काय बोलतेय, असं काकीने मला विचारलं. पायाला आभारी आहे म्हणतेय, मी सांगितलं.

“आनी हाताला?”

“हाताला म्हणतेय, परत प्रयत्न करा.”

मला ते सांगताना लाज वाटली. काकीने दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

“आनी किती करू?” म्हणाली, आणि काजू फोडायला आत गेली.