ओव्याचे पाणी

"बाबूजी, आप बैठ जाइए. फोटो चाय के बाद होगी."

झाशीतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या सभागृहात मी बोलायला उभा राहिलो, तेव्हा मला हे ऐकवले गेले. माझ्या छातीवर सभा भरवणाऱ्यांनीच 'जन-प्रतिनिधि' असा बिल्ला लावला होता. मी कचहरीबाहेर बसणारा अर्जनवीस. शाळा अर्ध्यावर सुटली. परंतु माझ्या मसुद्यात वकीलही सहसा फेरफार करीत नाहीत.

माझी पत्नी मंदा गेली, त्यानंतर हे संशोधनवाले प्रेम नगरच्या आमच्या घरी आले. घरच्यांचे ऐकून इस्पितळ सुधारायचे आहे, म्हणाले. मला पटले. मंदा परत येणार नव्हती, दुसरी कोणी वाचली असती. मी सर्व सांगितले. छातीत जळजळ, जबड्यात कळ, दरदरून घाम. याच इस्पितळात नेले. टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. "गैस है. घर ले जाइए."

नेले. गॅस म्हणाले, म्हणून ओव्याचे पाणी दिले. "अहो, अजून थोडं द्या," मंदा म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, गॅसच आहे." मी दिले. संध्याकाळी ती गेली. हृदयविकार होता.

आता सभागृहात त्या संशोधनवाल्यांच्या मॅडम पडद्यावरचे वाचत होत्या. "महिला, छाती में दर्द. परिवार अजवाइन का पानी पिलाता रहा. इलाज में देरी. मृत्यु."

मागून कोणी हसले. "अजवाइन से हार्ट का इलाज! वाह रे बुंदेलखंड!"

मी उठलो. "मैडम, ये मेरी घरवाली है."

"इसमें किसी का नाम नहीं है, बाबूजी."

"नाम नहीं है, पर अजवाइन हमारी है. 'गैस है' किसने कहा था? वो कहाँ गया?"

पुढच्या रांगेतले एक डॉक्टर म्हणाले, "लो, अब अर्ज़ी लिखने वाले डॉक्टरी सिखाएँगे."

सगळे हसले. मॅडमही. आणि मग ते फोटोचे वाक्य.

मी बसलो. होय, बसलो. कान तापले होते.

चहानंतर मॅडमनी कागद पुढे केला. अहवाल जनतेने पाहिला, मान्य केला, एवढी सही हवी होती.

आमच्या बाकावर एक रीत आहे. अर्ज लिहून झाला की अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. गुरसरायहून आलेली एखादी म्हातारी "हओ, जेई कई ती हमने", होय, हेच सांगितले होते मी, असे म्हणाली, तरच अंगठ्यासाठी शाई पुढे करायची. त्याआधी नाही.

"पढ़कर सुनाइए," मी म्हणालो.

"अंग्रेज़ी में है. आपको समझ नहीं आएगा. साइन कर दीजिए न, भैया."

मी पेनाला टोपण लावले. बिल्ला काढून कागदावर ठेवला. निघालो.

घरी ओव्याची बरणी मंदाने ठेवली तिथेच आहे. मला ती उघडवत नाही, टाकवतही नाही.

त्या अहवालावरून उद्या हे लोक बिजौलीच्या वस्तीत जाऊन सांगतील, ओवा देऊ नका, इस्पितळात या. बाया ऐकतील. घामाने भिजून त्याच टेबलापाशी उभ्या राहतील. मान तेव्हाही वर होणार नाही, कारण त्या मानेविषयी कोठे अक्षर लिहिलेले नाही.

म्हणून माझ्या बाकावर येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. विचारायला आले तर जरूर बोला. पण तुमचे बोलणे तुमच्या भाषेत तुम्हाला वाचून दाखवेपर्यंत अंगठा मुठीत ठेवा.

माझ्यापुरते एवढेच. ओव्याच्या आधी, पहिल्या ओळीत, 'गैस है' लिहा. मोठ्याने वाचा. तोवर मंदाच्या मरणावर माझी सही मिळणार नाही.