खोगीर टेकायच्या आधी

खोगीर पाठीला टेकायच्या आधीच चंदानं अंग चोरलं. चंदा ही माझ्या मुलीची, सईची, उड्यांच्या स्पर्धेतली घोडी. खोगीर नुसतं जवळ येताना दिसलं, तशी तिनं शेपटी झटकली, कान मागे टाकले आणि पाठ खाली घातली.

महिनाभर ती अडथळ्यापाशी येऊन थांबते आहे. "माजलीय, दुसरं काही नाही," असं म्हणत तिला घोडेस्वारी शिकवणारे सर खोगिराचा पोटाखालचा पट्टा आणखी आवळायचे. आज डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कण्यावरून अंगठा दाबत नेला. खोगिराच्या जागी आल्यावर कातडी थरथरली.

"मणके एकमेकांवर घासतायत," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस सोसलंय हिनं."

तेव्हापासून मला चैन नाही. दुखणं बोलून दाखवता येत नसलं की ते स्वभावात शिरतं, आणि आपण स्वभावाला नावं ठेवत बसतो. हट्टी, आळशी, माजोरी. एकदा नाव ठेवलं की लगाम ओढायला हात मोकळे. आमच्या ऑफिसातल्या त्या कायम खेकसणाऱ्या बाई, जिन्यात दार आपटणारे शेजारी. कुठे अंगठा ठेवला तर थरथरतील, कोण जाणे.

आम्ही दोघी घरी आलो. सई पाठमोरी बसून बूट काढत होती. तीही हल्ली फार चिडचिडी झालीय.

"स्पर्धेपुरती दुसरी घोडी मिळतेय का बघू," असं म्हणत मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले.

हात टेकायच्या आधीच तिनं अंग चोरलं.