नकल्याचं खरं दुखणं

हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्याला सगळे नकल्या म्हणत. मॅनेजरचा खोकला, मुकादमाची शिंक, सासूची कुरकुर, म्हणाल ते हुबेहूब. खिडकी नसलेल्या त्या वाफाळ खोलीत त्याच्यामुळेच दिवस सरत. आता याच कलेच्या जोरावर पोटदुखीचं सोंग काढून त्याने दोन-चारदा सुट्टीही उकळली होती, हेही खोटं नाही.

त्या दुपारी शिळं खाणं बाधलं. मोरीत वाकून त्याने अशा उलट्या केल्या की आतडी बाहेर पडतील असं वाटलं. शेवटच्या उलटीसरशी छातीत कळ उठली ती थेट पाठीत गेली. भिंतीला टेकून तो म्हणाला, "छाती दुखतेय रे." आवाज निघाला तो नाकातून, चेपलेला. मुकादम पोट धरून हसला. ही नवी नक्कल कुणाची, म्हणून त्याने विचारलं.

नकल्याने परोपरीने सांगितलं. पण बोलावं तितका आवाज गेंगाणा, आणि आवाज गेंगाणा तितका हशा. बिचारा आपल्याच गळ्यात अडकून बसला.

मुकादमाने हसतहसतच त्याला घरी धाडलं. तिथेही लांडगा आला रे आला. माझ्यापुढे तरी नाटकं नकोत, असं म्हणून बायकोने साखरपाणी पुढे केलं. ते गिळवेना, म्हणून तो हातवारे करू लागला, तर तिला वाटलं आता मुक्याची नक्कल चालली आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी वैतागून त्याला सरळ बसवायला तिने मानेखाली हात घातला. कातडीखाली काहीतरी करकरलं, कडक खळीचं कापड मुठीत चुरगळावं तसं. तिने पुन्हा दाबून पाहिलं. हे सोंग कुणालाच जमणारं नव्हतं. तिने तशीच धावत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी एवढंच विचारलं, की उलटी आधी की कळ आधी. मग मान चाचपली, एक्स-रे काढला, स्कॅन केला. उलटीच्या जोराने अन्ननलिका फाटली होती. हवा छातीत शिरून गळ्यापर्यंत चढली होती, आवाज त्यामुळेच बदलला होता. पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.

"लगेच ऑपरेशन करावं लागेल," बाई म्हणाल्या. "आधीच उशीर झालाय."

स्ट्रेचरबरोबर चालताना बायको रडत म्हणाली, "अहो, मला नीट सांगायचं तरी."

"सांगितलं की," तो त्याच गेंगाण्या आवाजात म्हणाला.

सवयीने तिला हसू फुटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. स्ट्रेचर दाराआड गेलं तरी ते हात तिला काढवेनात.