विटीचा वण

माझ्या उजव्या भुवईत नखाएवढा एक वण आहे आणि त्या वणाखालचा डोळा नकली आहे. लोकांना डोळ्याबद्दल विचारायचं असतं, पण ते वणाबद्दल विचारतात. माझं उत्तर लहानपणापासून ठरलेलं होतं. "विटी लागली."

गोष्ट अशी की मी दोन वर्षांचा होतो. हसनाबादला आमच्या गल्लीत माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, विटी-दांडू खेळत होता. तोही तेव्हा सहा-सात वर्षांचंच पोर. त्यानं टोला मारला, मी दुडुदुडु धावत मध्ये आलो आणि डोळा गेला. मला यातलं काही आठवत असण्याचं कारण नव्हतं, पण मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की पुढे पुढे मला विटी येताना दिसायलाच लागली. शाळेत तर मी तिला चांगली फोडणी देत असे. विटी बाभळीची होती, दोन्हीकडून तासलेली होती, भिंगरीसारखी फिरत आली वगैरे. पोरं मला 'विट्या' म्हणायची आणि मीही ते नाव मिरवायचो.

भोगलं ते दादानं. त्याच्या वडिलांनी त्याला त्या दिवशी बडव बडव बडवलं आणि त्यानंतर त्यानं दांडू हातात धरला नाही. माझं दप्तर तो वाहायचा, उन्हाळ्यात त्याच्या वाटणीचा बर्फाचा गोळा मला द्यायचा, मला कोणी काण्या म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून जायचा. मी काय कमी लबाड होतो? एखादी गोष्ट हवी असली की मी नुसता डोळ्यावर हात ठेवायचो. दादा विरघळलाच म्हणून समजा.

माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हाही तोच पुढे झाला. पाहुणे बैठकीत बसले होते, चहा होऊन गेला होता, आणि मुलीच्या वडिलांच्या मनातला प्रश्न सगळ्यांना दिसत होता. दादा उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "पाव्हणं, ते माझ्या हातून झालं. लहानपणी विटी मारल्ती मी. पोरात काही दोष न्हाई, खानदानात बी न्हाई." सासऱ्यांचा चेहरा उजळला. अपघात काय, कोणाच्याही घरी होतो, असं म्हणून त्यांनी सुपारी फोडली. माय आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही, एवढं मला आठवतं.

मी नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत काम करतो. बियाणं तयार करायचे आमचे प्लॉट शेतकऱ्यांच्या वावरात असतात. प्लॉट द्यायच्या आधी आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो की मागच्या वर्षी या वावरात काय होतं. मागचं सांडलेलं बी मातीत असतं, ते नव्याबरोबर उगवतं आणि सगळं पीक बिघडवतं. शेतकरी कधी कधी खोटं सांगतात. आम्हाला ते कळतं. खोट्या उत्तरावर मी कितीतरी प्लॉट नाकारलेले आहेत, वर त्यांना चार गोष्टी ऐकवल्या आहेत. घरच्या वावरात मागे काय होतं, हे मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मुलगी झाली. तिच्या जावळाला दादानं नव्या मोबाइलवर फोटो काढले. रात्री सगळे फोटो बघत बसलो तर पोरीचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा चमकत होता, मांजराचा चमकतो तसा. आम्ही हसलो. मोबाइलचा दोष, असं सगळ्यांचं मत पडलं. दादाला इतकं लागलं की चार महिन्यांत त्यानं मोबाइल बदलला. नव्या मोबाइलवरही डोळा तसाच आला. मग आमच्याच अंगणातल्या दिव्याला दोष लागला.

पुढे तिचा तोच डोळा किंचित नाकाकडे वळायला लागला. शेजारणी म्हणाल्या, थोडी चकणी पोरगी नशीबवान असते, घरात लक्ष्मी येते. बायकोला ते पटत नव्हतं. "अहो, एकदा दाखवून आणू या," ती म्हणायची, आणि मी पेरणीचे दिवस संपू दे म्हणायचो, मग काढणीचे. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. माय त्या दिवसांत पोरीची दृष्ट फार काढायची. मीठ, मोहऱ्या, मिरच्या, रोज संध्याकाळी. मिरच्या जळताना ठसका नाही आला म्हणून तिला बरं वाटायचं नाही, ती पुन्हा काढायची.

शेवटी बायकोनं ऐकलं नाही. आम्ही सगळे दादाच्या गाडीतून संभाजीनगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मायही हट्टानं आली. डॉक्टरबाईंनी पोरीच्या डोळ्यात थेंब घालून, बत्ती लावून बराच वेळ पाहिलं. एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचा डोळा कशानं गेला?"

"विटी लागली," मी म्हणालो.

त्यांनी माझी मान वर करून भुवई पाहिली, डोळ्याची खोबण पाहिली. "विटीनं भुवई फुटली. ते दिसतंय. डोळा काढण्याचं ऑपरेशन कुठं झालं आणि कशासाठी झालं, ते मला सांगा. तुमच्या मुलीसाठी ते कळायला पाहिजे."

मी मायकडे पाहिलं, बायकोनं पाहिलं, दारात पोरीची पिशवी धरून उभ्या असलेल्या दादानंही पाहिलं. मायनं पदर तोंडाला लावला.

"विटी लागल्ती, ते खोटं न्हाई," ती म्हणाली. "भुवई फुटल्ती, रगत आल्तं. तुझ्या बापानं सायकलवर घालून भोकरदनला नेलं. तिथल्या डागदरनं टाके घालता घालता बत्ती मारून पाह्यलं आन म्हणला, जखम काहीच न्हाई, पर या डोळ्यात दुसरंच काहीतरी हाय, जल्दी औरंगाबादला न्या. तिथं गाठ निघाली. डोळा काढला तं लेकरू राहतंय म्हणले, न्हाई तं न्हाई."

मग बायकोनं विचारलं, "आत्याबाई, मग विटीचं का सांगितलं?"

"याच्या दोन बहिणी उजवायच्या व्हत्या, बाई. अपघात एकट्याचा असतो, आजार खानदानाचा असतो. आजारानं डोळा गेला म्हणलं असतं तं आमच्या दारात कोण आलं असतं?"

डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं की त्या वेळी पुढच्या पिढीबद्दल कोणी काही सांगितलं होतं का. "म्हणल्ते," माय म्हणाली. "हा मोठा झाला की याच्या लेकराचे डोळे जल्मल्याबराबर दाखवा म्हणल्ते. तव्हा हाच माझ्या मांडीवर व्हता. याला लेकरं व्हतील, हे कोणाच्या ध्यानात राहतंय?" आणि मग, कोणी न विचारता, "पोरीचा डोळा चमकताना दिसला तव्हाच मला वळखू आलं. याचा असाच चमकायचा, चिमणीपाशी. पर तोंडानं बोलले तं खरं व्हईल असं वाटलं."

मी आयुष्यात एवढा कधी संतापलो नाही. मला माझ्या म्हाताऱ्या मायचा हात धरून तिला खोलीबाहेर काढावंसं वाटलं. तेवढ्यात दादा दाराच्या चौकटीला टेकून हळूहळू खाली बसला.

"काकू," तो म्हणाला, "मंग याचा डोळा माझ्यानं न्हाई गेला?"

"न्हाई रे बाबा."

"बिलकुल न्हाई?"

"न्हाई."

तो खिशातली दस्ती काढून तोंडावर धरून रडला. चाळिशी ओलांडलेला, पोरं-बाळं असलेला माणूस, परक्या शहरातल्या दवाखान्यात जमिनीवर बसून रडला. रडतच तो म्हणाला, "माझा बाप मरस्तोवर म्हणत व्हता, तू त्याचा डोळा घेतला म्हणून."

डॉक्टरबाईंनी मला नंतर वेगळं बसवून समजावलं. काही घरांत हा आजार रक्तातून उतरतो, आईबापांपैकी एकाला झाला असेल तर लेकराला होण्याचा धोका असतो. तो धोका पुसता येत नाही. पण बाळ जन्मल्याबरोबर डोळे तपासले आणि पुढे काही वर्षं तपासत राहिलं, तर गाठ ठिपक्याएवढी असतानाच सापडते आणि डोळा वाचतो. उशीर झाला तर डोळा जातो, आणखी उशीर झाला तर लेकरू जातं. माझ्या लेकीचा डावा डोळा काढावाच लागणार होता. उजव्यात लहान गाठी होत्या, तो वाचवता येण्यासारखा होता. मी वेड्यासारखं विचारलं की मी गुटखा खातो, त्यानं झालं का. त्या म्हणाल्या, त्यानं हे झालेलं नाही, पण तुम्ही तो सोडाच, तुमच्या शरीरात आधीच एक धोका आहे, त्यात भर नको. कारणाशिवाय एक्स-रे, सिटी स्कॅनही काढू नका. पुडी मी तिथंच टाकली. पण खरं सांगतो, गुटख्यानंच झालं असतं तर मला सोसलं असतं. माझ्या हातानं झालेलं माझ्या हातानं थांबवता तरी आलं असतं.

डॉक्टरबाईंनी पुढच्या उपचाराला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि आम्ही रेल्वेनं तिकडच्या चकरा सुरू केल्या. पोरीचा डावा डोळा गेला. उजव्यासाठी सलाईनमधून औषधं, लेसर, पुन्हा तपासणी. जावळ काढून आलेले तिचे केस पुन्हा गळाले. प्रत्येक वेळी दादा बरोबर होता. मी म्हटलं, "दादा, आता तुझ्यावर काही नाही, तू कशाला कामधंदा बुडवतो?" तो म्हणाला, "येडा हाय का? सवय लागली ना." उजवा डोळा वाचला. जाड भिंगाचा चष्मा लागतो, पण पोरगी वाचते, लिहिते, दोरीवर उड्या मारते.

मायशी मी तो सगळा उन्हाळा बोललो नाही. ती समोर ताट ठेवायची, मी जेवायचो. आता मला त्याचंही वाईट वाटतं. राग धरायला एखादं वाईट माणूस लागतं आणि आमच्या घरात ते सापडेना. मायनं दोन पोरींची लग्नं विचारात घेतली, ती झाली, दोघी सुखात आहेत. तिचं गणित त्या वेळच्या गावाला बरोबर होतं. लबाडी तिनं कोणाला बुडवायला केली नव्हती. पण त्या लबाडीला जपत जपत आम्ही असे राहिलो की जिला माहीत होतं ती बोलली नाही, आणि ज्यांना बोलता आलं असतं त्यांना माहीत नव्हतं. आमचे वडील आज असते तर कदाचित बोलले असते. पण ते माझ्या लग्नाआधीच गेले.

आम्हाला नंतर मुलगा झाला. बायको बाळंतीण असतानाच आम्ही त्याला कापडात गुंडाळून तपासायला नेलं. गावातल्या बायका नावं ठेवत होत्या, सव्वा महिना व्हायच्या आत लेकरू बाहेर काढलं म्हणून. ठेवू दिली. त्याच्या एका डोळ्यात ठिपका सापडला आणि तो लेसरनं जाळला. पुढे आणखी एक सापडला, तोही जाळला. त्याचे दोन्ही डोळे आहेत. तो अंगणात धावतो तेव्हा मला आनंद होतो आणि त्याच क्षणी मी लेकीकडे बघतो. तिलाही हे एवढंच हवं होतं. मायचं एक वाक्य, आणि संभाजीनगरची एक खेप.

परवा लेक शाळेतून घरी आली ती तणतणत. वर्गात नवीन मुलगी आली होती, तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, तुझा डोळा असा का? माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, दादा आमच्याकडे आलेला होता.

"आज्जी, मी काय सांगू गं तिला?"

"पडले म्हणून सांग, माय," मायच्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिचा चेहरा पाहून निवली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

दादानं पोरीला जवळ ओढलं. "काही पडली-बिडली न्हाईस तू," तो म्हणाला. "डोळ्यात गाठ आल्ती, आजार व्हता, डागदरनं काढला, म्हणून तू बरी झालीस. अस्संच सांगायचं, मान वर करून. तुझ्या बापाला बी तोच आजार व्हता. कोणालाच दिसत नव्हता. मी विटी मारली म्हणून त्याला दवाखान्यात नेलं, म्हणून तो वाचला. मारली नसती तं मेलाच असता तो."

हे त्यानं पहिल्यांदाच असं म्हटलं होतं, आणि म्हणताना तो हसत होता. मलाही हसू आलं. मी भुवईवरच्या वणावर बोट फिरवलं.

पोरीनं चष्मा वर सरकवला. विचार करताना ती असंच करते. मग तिनं दादाच्या मांडीवर हात ठेवला.

"मोठे बाबा," ती म्हणाली, "मग मला का नाही मारली?"